खाटेशी भरणारी शाळा

९ ऑक्टोबर २०२४ या एका दिवशी महाराष्ट्रात दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ. पंतप्रधान दूरदृश्य प्रणालीवर होते आणि विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. जिल्ह्याच्या गावी मेडिकल कॉलेज यावे ही मागणी जुनी आणि रास्त आहे, त्यामुळे नाके मुरडण्याचे कारण नाही. पण कॉलेज नेमके कशाने होते, हा प्रश्न अशा वेळी विचारलेला बरा. आपल्याकडच्या वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला दिलेल्या आणि टाळलेल्या उत्तरांचाच इतिहास आहे.

मुंबईत पहिला प्रयत्न १८२६ मध्ये झाला. जॉन मॅक्लेनन नावाच्या डॉक्टरच्या हाताखाली 'नेटिव्ह' मुलांसाठी शाळा निघाली, तिच्यासाठी मराठी-गुजरातीत पुस्तके तयार झाली आणि १८३२ मध्ये ती बंद पडली. शवविच्छेदन नव्हते, रोग्यांशी गाठ बेताचीच होती. पुस्तक मायबोलीत आले तरी शरीर समोर आले नाही, असे त्या शाळेचे झाले. पुढे कलकत्ता आणि मद्रासला १८३५ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या संस्था निघाल्या आणि १८३६ मध्ये कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्त यांनी प्रेताला सुरी लावली. त्या दिवशी फोर्ट विल्यमवरून तोफा डागल्या गेल्या असे सांगतात. तोफांचे खरे-खोटे काही असो, वैद्याघरच्या संस्कृत पंडिताने ते करावे हीच मोठी गोष्ट होती.

मुंबईचा गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला वारला. त्याच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालय काढायचे ठरले, आणि त्याच सुमारास जमशेटजी जिजीभाईंनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले. दोन्ही इमारती शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या आणि १८४५ मध्ये सुरू झाल्या. म्हणजे एका कॉलेजाला सात वर्षे लागली. या दिरंगाईतून मुंबईला मिळाले ते असे, की कॉलेज आणि इस्पितळ एकाच आवारात आले. पहिला प्राचार्य चार्ल्स मोरहेड हा रोग्याजवळ उभे राहून शिकवण्याचा कट्टर पुरस्कर्ता होता. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते आणि पुढे प्रार्थना समाज स्थापन करणारे आत्माराम पांडुरंगही होते. पाटीवर 'जीजीएमसी' लावणारी, म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजची पदवीधर म्हणवणारी ही मंडळी नुसती डॉक्टर नव्हती, मुंबईच्या सार्वजनिक जीवनात ती पुढारी होती.

मात्र ही मंडळी बहुतेक शहरातच राहिली. तालुक्याच्या दवाखान्यात बसायला, पलटणीबरोबर जायला, देवीच्या आणि पटकीच्या साथीत फिरायला सरकारला स्वस्तातला माणूस हवा होता. म्हणून १८६१ मध्ये त्याच ग्रँट मेडिकलमध्ये मराठी आणि गुजराती वर्ग निघाले. तिथून 'हॉस्पिटल असिस्टंट' तयार व्हायचे. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारखे लोक मराठीतून शिकवत. पुण्याची बैरामजी जिजीभाई (बी. जे.) मेडिकल स्कूल १८७८ ची, आणि ती कॉलेज झाली १९४६ मध्ये. तोवरची अडुसष्ट वर्षे ती 'स्कूल'च होती. इंग्रजीतला पदवीधर वर, देशी भाषेतला मदतनीस खाली, अशी दोन पायऱ्यांची व्यवस्था तेव्हाच पक्की झाली.

गोव्याची गोष्ट याहून बोलकी आहे. पणजीची 'एश्कोला मेडिको-सिरुर्जिका' १८४२ ची, ग्रँट मेडिकलपेक्षा तीन वर्षांनी थोरली. शिकवणे पोर्तुगीजमध्ये, शिकणारे गोमंतकीय. पण तिथली सनद घेऊन लिस्बनमध्ये बरोबरीने वैद्यकी करता येत नसे. त्यासाठी पोर्तुगालात पुन्हा शिकून परीक्षा द्यावी लागे. मोझांबिक-अंगोल्याच्या वसाहतींत मात्र हेच डॉक्टर पाठवले जात. आजचे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज त्याच संस्थेचा वारस आहे.

स्त्रियांच्या प्रवेशाचा भाग मराठी वाचकाला पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. मायदेशी त्यांना रोगी तपासायची संधी मिळालीच नाही. रखमाबाई लंडनहून शिकून आल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी हयात घालवली. आपण नाटके-सिनेमे काढले ते बहुतेक पहिलीवर. दुसरीने केलेली हजारो बाळंतपणे नाट्यमय नव्हती, इतकाच तिचा दोष.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभर एकच वारे वाहत होते. अब्राहम फ्लेक्सनरने अमेरिका-कॅनडातल्या १५५ संस्था पायाखाली घालून १९१० मध्ये अहवाल दिला. प्रयोगशाळा नाही, इस्पितळ नाही, फीच्या पैशावर चालणारी दुकाने आहेत, ती बंद करा, असा त्याचा रोख होता. पुढच्या काही वर्षांत पटापट शाळा बंद झाल्या. डॉक्टर चांगले झाले, पण थोडे झाले. कृष्णवर्णीयांसाठीच्या सातांपैकी पाच संस्था गेल्या आणि त्यांच्या वस्त्यांना डॉक्टर मिळणे कठीण झाले. दर्जा वाढवायला गेले की कोणाच्या तरी दारातला डॉक्टर नाहीसा होतो, हा फ्लेक्सनरचा धडा आपल्याकडे फारसा कोणी गिरवला नाही.

मुंबईत वाद वेगळाच होता. वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या (आयएमएस) गोऱ्या अधिकाऱ्यांच्या, हिंदी डॉक्टराने कितीही शिकून यावे, तो दुय्यमच. स्वदेशीच्या चळवळीत १९२१ मध्ये नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले, तेच पुढे टोपीवाला मेडिकल कॉलेज आणि नायर रुग्णालय. आणि १९२६ मध्ये परळला शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय सुरू झाले. देणगीदारांची अट होती की शिकवणारे सगळे हिंदी असतील आणि सरकारी नोकरीतले नसतील. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. इथेही इस्पितळ आणि कॉलेज एकमेकांना चिकटूनच बांधले. समोर गिरणगाव, म्हणजे रोग्यांना तोटा नाही. गिरणीत हात सापडलेला, क्षयाने खंगलेला, चाळीत अडलेली बाई, अशा माणसांच्या अंगावर मुंबईचे वैद्यकशास्त्र शिकले गेले. त्यांना कोणी मानधन दिले नाही की कोनशिलेवर त्यांची नावे कोरली नाहीत.

हे शिकणे कसे चालते, ते बाहेरच्याला सहसा दिसत नाही. सकाळी आठला राउंड. पुढे सर, मागे लेक्चरर, रजिस्ट्रार, हाउसमन, इंटर्न, आणि शेवटी ज्यांचे पांढरे कोट अजून कडक इस्त्रीचे आहेत असे विद्यार्थी. सर विद्यार्थ्याला विचारतात, "हिस्टरी कोणी घेतली?" मग कोणीतरी सांगू लागतो: पंचेचाळीस वर्षांचे गृहस्थ, धंदा हमाली, तक्रार दम लागण्याची. "किती जिने चढल्यावर?" याचे उत्तर येत नाही, कारण विचारलेलेच नसते. तेव्हा खाटेवरचा माणूस स्वतःच सांगतो, "जिना न्हाई सायेब, पोतं उचललं की." त्या एका वाक्यात जे कळते ते पुस्तकाच्या पानावर नसते. वॉर्डातल्या मावशी आणि मामाही शिकवतात. कोणत्या खाटेवरचा रात्री न सांगता उठतो, कोणाचे लोक भेटायला येत नाहीत, हे त्यांनाच ठाऊक असते.

आणि परीक्षेच्या केसेस. झडपेचा आजार असलेली, प्लीहा वाढलेली काही जुनी माणसे दर परीक्षेला बोलावली जातात. वर्षानुवर्षे हेच करून ती इतकी तयार होतात की घाबरलेल्या पोराला हळूच सांगतात, "डाव्या कुशीवर वळव मला, मग ऐक. मर्मर सापडंल." परीक्षक लांबून बघत असतात आणि बघितले नाही असे दाखवतात. भत्ता किरकोळ, पण मान मोठा. अनेक एमडी डॉक्टरांच्या पदवीत अशा कोणा बाबाचा किंवा आजीचा वाटा आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या सगळ्याचा हिशेब जोसेफ भोर समितीने मांडला. १९४६ च्या तिच्या अहवालाप्रमाणे देशात सुमारे ४७ हजार नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांतले जवळजवळ ३० हजार लायसेन्शिएट, म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले. आपल्या तालुक्याच्या गावांत पाटीवर 'एल.सी.पी.एस.' लिहिलेले जे डॉक्टर जुन्या लोकांना आठवतात, ते हेच. भोर समितीने खालची पायरी काढून टाकायला सांगितली: यापुढे एकच 'मूलभूत डॉक्टर', पूर्ण शिकलेला, प्रतिबंधक वैद्यकाची जाण असलेला. समितीतल्या काही सदस्यांनी विरोध नोंदवला होता, की एवढ्या मोठ्या देशाला हे परवडणार नाही. त्यांचे कोणी ऐकले नाही.

माझ्या मते आजच्या बहुतेक भांडणांचे मूळ या निर्णयात आहे. खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का, हा समितीचा विचार उदात्त होता. पण पायरी कागदावरून काढली म्हणून ती गावातून गेली नाही. तिची जागा दुसऱ्यांनी भरली. ग्रामीण महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून १०८ च्या रुग्णवाहिकेपर्यंत बीएएमएस डॉक्टर काम करतात, आणि राज्य सरकारने अधिसूचना काढून त्यांना आधुनिक औषधे लिहायची मुभा दिली. होमिओपॅथांसाठी औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स आला आणि त्यावरून डॉक्टरांची संघटना आयएमए व सरकार यांच्यात अजून जुंपलेली आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये संसदेत ८३६ लोकांमागे एक डॉक्टर असल्याचे सांगितले, तेव्हा त्यात लाखो आयुष डॉक्टर धरलेले होते. आकडा दाखवायचा तेव्हा ते डॉक्टर, अधिकार मागायला आले की भोंदू. एकोणिसाव्या शतकातल्या हॉस्पिटल असिस्टंटला निदान त्याच्या कामापुरते शिकवले तरी जायचे.

वेगळी वाट चोखाळणारेही झाले. सेवाग्रामला सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. तिथल्या विद्यार्थ्याने आश्रमात राहून सुरुवात करायची आणि दत्तक गावातली कुटुंबे सांभाळायची. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर, अनेकदा दलित बायांना आरोग्य कार्यकर्त्या केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाचा श्वास मोजायला आणि न्यूमोनिया ओळखायला शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरलेला होता. वैद्यकीय शिक्षणाच्या चर्चेत जामखेड-गडचिरोलीची नावे 'सार्वजनिक आरोग्य' या खणात टाकली जातात. मला ते पटत नाही. कोणाला, किती, कुठे शिकवायचे याचे उत्तर त्यांनी दिले आणि ते मोजून दाखवले. शिक्षण म्हणजे आणखी काय असते?

सरकारी पातळीवर यातले झिरपले ते थोडे आणि उशिरा. कुटुंब दत्तक घेण्याची सेवाग्रामची पद्धत राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अलीकडे देशभर लागू केली. पण नियम झाला की त्याची वही होते. बस गावात जाते, मुले चार घरांत फॉर्म भरतात, रक्तदाब मोजतात, फोटो काढतात, आणि दुपारी जेवायला परत.

दरम्यान दुसरी एक क्रांती होऊन गेली होती. मणिपालला १९५३ मध्ये खासगी मेडिकल कॉलेज निघाले तेव्हा ते नवल होते. महाराष्ट्रात १९८० नंतर मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित महाविद्यालयांची दारे उघडली, १९८४ मध्ये लोणीला प्रवरेचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि साखरसम्राटांतून शिक्षणसम्राट झाले. १९८७ मध्ये राज्याने कॅपिटेशन फीवर बंदीचा कायदा केला. पैसे थांबले नाहीत, पावती थांबली. यातली काही महाविद्यालये आज उत्तम आहेत, त्यांची रुग्णालये आसपासच्या तालुक्यांना आधार आहेत, हेही सांगितले पाहिजे. पण काहींचे दुखणे सगळ्यांना माहीत आहे: विद्यार्थी आहेत, इमारत आहे, खाटा आहेत, खाटांवर माणूस नाही. तपासणी आली की गावोगाव गाड्या जातात, धडधाकट माणसे आणून झोपवली जातात आणि तपासणी पथक गेले की ती डबा घेऊन घरी जातात. शिक्षकही तसेच, पगारपत्रकावर असलेले आणि वर्गात न दिसणारे. २०१० मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या अध्यक्षांना सीबीआयने अटक केली, परिषद बरखास्त झाली, शेवटी २०२० मध्ये तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. आता आधार जोडलेली हजेरी आहे. तरी २०२५ मध्ये सीबीआयने नोंदवलेल्या गुन्ह्यात आरोप तेच होते: तपासणीची आगाऊ खबर, खोटे शिक्षक, खोटे रुग्ण.

खोटा रुग्ण हा मला भ्रष्टाचाराचा सर्वांत भयंकर प्रकार वाटतो. लाच घेणारा पैसे खातो. खोटा रुग्ण उभा करणारा तीस वर्षे पुरेल इतके अज्ञान पेरतो.

जागा मात्र वाढल्या. २०१४ मध्ये देशात एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या, दहा वर्षांत त्या दुपटीच्या वर गेल्या. प्रवेशासाठी २०१६ पासून 'नीट'. एकाच परीक्षेने प्रवेश देण्यात न्याय आहे. डोनेशनच्या काळात ज्याच्या बापाकडे काही नव्हते, त्याला आज गुणांवर हक्काने जागा मागता येते. पण २०२४ मध्ये सुमारे २३ लाख मुले बसली, पेपरफुटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि आधीच फोफावलेल्या लातूर-कोट्याच्या क्लासेसना 'नीट'ने धक्का बसला नाही. लातूर पॅटर्नने मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराला डॉक्टर केले, ही त्याची पुण्याई खरी. ज्याला दोन वर्षे भाड्याच्या खोलीत राहून क्लास लावता येतो, त्याचीच ही परीक्षा झाली, हेही तितकेच खरे.

परीक्षा तिथेच संपत असती तर एक वेळ चालले असते. एमबीबीएस झाल्यावर स्पेशालिस्ट व्हायला 'नीट-पीजी' आहे. परिणाम इंटर्नशिपमध्ये दिसतो. ज्या एका वर्षात सलाईन लावणे, टाके घालणे, बाळंतपण करणे, मृत्यूची बातमी नातेवाइकांना सांगणे शिकायचे, त्या वर्षात मूल लायब्ररीत बसून बहुपर्यायी प्रश्न सोडवते. मी त्याला दोष देत नाही. रक्त घेण्यात तरबेज असल्याचे गुण मिळत नाहीत. मग तो वॉर्डात कशाला थांबेल? दुर्मिळ सिंड्रोमची नावे धडाधड सांगणारा आणि मुलाच्या शिरेत सुई घालता न येणारा डॉक्टर आपण पैसे खर्चून घडवतो आहोत.

भविष्याच्या गप्पांत आता कृत्रिम बुद्धिमत्ता येते. एक्स-रे यंत्र वाचेल, निदान यंत्र सुचवेल, मग शिकायचे काय? याने माझी झोप उडत नाही. बहुपर्यायी प्रश्नात यंत्र माणसाला मागे टाकेल, आणि टाकतेही आहे. त्यामुळे त्या प्रश्नांवर डॉक्टर निवडणे किती वेडेपणाचे आहे ते उघड होईल, एवढाच झाला तर फायदा. पोत्याचे वजन विचारणारा डॉक्टर यंत्राला वापरेल. ज्याने कधी विचारलेच नाही, त्याला यंत्र चुकले तरी कळणार नाही. स्किल लॅबमधल्या रबरी हातांवर सुई टोचण्याचा सराव करावा, पेशंटचा पहिला त्रास वाचतो. पण रबरी हात रडत नाही आणि त्याचे नातेवाईक दारात उभे नसतात.

मातृभाषेचा प्रश्नही पुन्हा वर आला आहे. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये हिंदी पाठ्यपुस्तके निघाली, आणि मराठीतही व्हावे असे आपल्याकडे म्हटले जाते. १८२६ आणि १८६१ चा अनुभव गाठीशी असताना आपण पुस्तकांपासूनच सुरुवात करतो, याचे नवल वाटते. मेडिकलची मुले वॉर्डात मराठीच बोलतात. प्रश्न गोंडीचा, कोरकूचा, भिलीचा आहे. धारणीत किंवा भामरागडला नेमलेल्या डॉक्टराला तिथल्या बाईचे दुखणे तिच्या शब्दांत कळावे, यासाठी सहा महिन्यांचा बोलीचा वर्ग ठेवायला कोणाची हरकत आहे?

२०१९ पासून 'क्षमताधिष्ठित' अभ्यासक्रम आला. पहिल्या वर्षापासून रुग्ण दाखवा, संवाद आणि नीतिमत्ता शिकवा, प्रत्येक कौशल्य करून घेऊन लॉगबुकात नोंदवा. कागदावर याच्याइतके चांगले काही झालेले नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची योजनाही चांगली आहे. तिथे सीटी स्कॅनऐवजी आपले हात-डोळे वापरावे लागतात. पण लॉगबुक सत्राच्या शेवटच्या आठवड्यात भरले जाते. सही झाली की काम झाले. सह्या करणाऱ्या सरांचा दोष म्हणावा, तर शंभरांच्या जागी दीडशे-दोनशे मुले झाली, शिक्षक तेवढेच राहिले किंवा कमी झाले. नवे कॉलेज निघाले की जुन्यातल्या प्राध्यापकांची तपासणीपुरती बदली होते, आणि पथक येऊन गेले की ते परत येतात.

वॉर्डातल्या कामाचे गुण पीजीच्या प्रवेशात धरावेत, असे सुचवले की विद्यार्थीच सर्वांत आधी घाबरतात. त्यांची भीती खोटी नाही. गुण सरांच्या हातात गेले की सरांची मर्जी आली, आडनाव आले, कोणाच्या नात्यातला हे आले. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना वसतिगृहात आणि वॉर्डात काय सोसावे लागते ते वेळोवेळी पुढे आले आहे. संगणकावरच्या प्रश्नपत्रिकेला आडनाव दिसत नाही. म्हणून ती कितीही निरर्थक झाली तरी मुलांना तीच हवी असते. यावर उपाय नाही असे नाही. बाहेरच्या महाविद्यालयांतले परीक्षक आणावेत, सगळ्यांना तेच रुग्ण आणि तीच ठरावीक कामे द्यावीत, प्रत्येक कामाला वेगळा तपासणारा असावा, सगळे चित्रित व्हावे. जगात हे होते आणि आपल्याकडेही लहान प्रमाणावर होते. मात्र एका मुलामागे दहा-बारा तपासनीस लागतात, आणि सरकारी महाविद्यालयांत ज्या खुर्च्या रिकाम्या आहेत किंवा कंत्राटावर भरल्या आहेत, त्यांच्यावर बसणारी हीच माणसे. त्या भरण्याचा अधिकार आयोगाला नाही, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठालाही नाही. ती फाइल मंत्रालयात असते.